एका उकाराचे अंतर

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्या गल्लीतल्या शिवणयंत्रांचा आवाज रात्री दोन वाजेपर्यंत थांबत नाही. तरावीहची नमाज आटोपून लोक मशिदीतून बाहेर पडतात आणि तसेच शिंप्याच्या दारात जाऊन उभे राहतात. कुणाचा कुर्ता, कुणाची पठाणी, कुणाच्या मुलीचा सलवार-कमीज. त्यात लग्नसराई आली असेल तर शेजारच्या पेठेतले सफारी आणि ब्लाऊजही त्याच फळीवर घड्या घालून ठेवलेले असतात. मास्तर मान वर न करता प्रत्येकाला एकच उत्तर देतो, ‘परवा या.’

असेच एक वयस्कर मास्तर आमच्या घरचे कपडे गेली चाळीस वर्षे शिवतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वडिलांचे सदरे त्यांनी शिवले, माझी शाळेची खाकी चड्डी त्यांनी शिवली, माझ्या लग्नाची शेरवानीही त्यांचीच. त्यांच्याकडे एक जाडजूड मापाची वही आहे. गावातल्या अर्ध्या माणसांच्या छात्या, खांदे आणि कमरा त्या वहीत नोंदलेल्या आहेत.

गेल्या वर्षी रमजानच्या पहिल्या आठवड्यात मी ईदच्या कुर्त्याचे कापड घेऊन त्यांच्याकडे गेलो. चाचांनी गळ्यातला टेप हातात घेतला आणि म्हणाले, ‘माप घेऊ का? तीन वर्षं झाली तुझं माप घेऊन.’ दुकानात दोन तरुण मुले बसली होती. मी हसत म्हणालो, ‘कशाला चाचा? वहीत आहेच की. मी काय बदललोय?’

खरे तर तीन वर्षांत माझा पट्टा दोन भोके पुढे सरकला होता. पण त्या दोन तडतडीत पोरांसमोर पोटाभोवती टेप गुंडाळून घ्यायची माझी तयारी नव्हती. चाचांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिले, टेप पुन्हा गळ्यात टाकला आणि कापडाला माझ्या नावाची चिठ्ठी लावली.

सत्ताविसाव्या रोज्याच्या दिवशी, इफ्तारला तासभर असताना मी कुर्ता आणायला गेलो. घालून पाहिला. पोटावर ताणत होता, काखेत काचत होता, आरशात तर पाहवत नव्हते. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाईके होती. माझा पारा चढला. ‘चाळीस वर्षं धंदा करता आणि माप चुकतं? रोज्याच्या तोंडी, असल्या उन्हात तिसरी चक्कर आहे माझी! ईद तीन दिवसांवर आली. आता मी काय घालू?’

दुकानात शांतता पसरली. चाचांनी यंत्राचे चाक हाताने थांबवले. ‘चूक झाली असेल,’ ते म्हणाले. ‘ठेवून जा. उद्या संध्याकाळी ने.’

एवढेच. ‘मी तुला माप घेऊ का विचारलं होतं’ हे एक वाक्य त्यांना बोलता आले असते आणि त्या चार माणसांसमोर माझा फुगा फुटला असता. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

इफ्तारच्या वेळी खजूर हातात घेऊन बसलो होतो. हकिकत ऐकून बायकोने विचारले, ‘अहो, पण तुम्ही माप दिलं होतं का?’ मी उत्तर दिले नाही. तेवढ्यात अजान झाली. खजूर तोंडात घातला, पण तो दिवसभराचा रोजा मी तासाभरापूर्वीच, त्या दुकानात, माझ्या हाताने पोकळ करून आलो होतो हे मला कळून चुकले होते.

न दिसणारी उपासना

आमच्या हिंदू मित्रांना रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी वर्ज्य, एवढे ठाऊक असते. पण रोज्याचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. नमाज लोकांना दिसते. जकात घेणाऱ्याला दिसते. हजला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला सारा मोहल्ला जमतो. रोजा मात्र दिसत नाही. बंद खोलीत कुणी घोटभर पाणी प्यायले तर जगाला पत्ता लागणार नाही. रोजेदार आणि त्याचा निर्माता, या दोघांतच ठेवलेला हा व्यवहार आहे. म्हणूनच रोजा खास माझ्यासाठी आहे आणि त्याचे फळ मीच देईन, असे अल्लाहने म्हटल्याचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे.

जी गोष्ट कुणाला दाखवता येत नाही ती करायला लावणे, हे दिखाव्याच्या रोगावरचे मोठे औषध आहे. वर्षातले एकोणतीस किंवा तीस दिवस हे औषध घ्यायचे असते. पण आम्ही माणसे अशी हुशार, की न दिसणारी उपासनाही दाखवायची सोय करून घेतो. ‘रोज्याच्या तोंडी तिसरी चक्कर’ हे माझे वाक्य त्यातलेच. प्रेषितांची शिकवण अशी की, रोजा असताना कुणी शिवी दिली, भांडायला आला, तर त्याला फक्त ‘मी रोजेदार आहे’ एवढे सांगून बाजूला व्हावे. ते वाक्य स्वतःच्या जिभेला लगाम घालण्यासाठी दिले होते. मी त्याचा चाबूक केला आणि दुसऱ्याच्या पाठीवर ओढला. वर हेही विसरलो की समोर बसलेला, पासष्टीच्या पुढचा, पहाटेपासून यंत्र चालवणारा तो माणूसही रोज्यानेच होता.

खोटे बोलणे आणि खोटे वागणे जो सोडत नाही, त्याने अन्न-पाणी सोडावे याची अल्लाहला काही गरज नाही, अशीही एक हदीस आहे. लहानपणापासून मदरशात, प्रवचनांत ती ऐकत आलो. गेल्या वर्षी पहिल्यांदा ती माझ्या मापाची निघाली.

चांगला कपडा हा गर्व नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धर्म नटण्याच्या विरोधात आहे, चांगले कपडे घालणे म्हणजे अहंकार आणि फाटके घालणे म्हणजे साधुत्व, असे अनेकांना वाटते. इस्लामची शिकवण तशी नाही. प्रार्थनेच्या जागी जाताना चांगला पोशाख करा, खा, प्या, मात्र उधळपट्टी करू नका, असे कुरआनात सांगितले आहे. केस विस्कटलेल्या आणि कपडे मळलेल्या माणसाला पाहून, याला केस नीट करायला, कपडे धुवायला काही मिळाले नाही का, असे प्रेषितांनी विचारल्याची नोंद आहे. ऐपत असूनही अगदीच गबाळ्या कपड्यांत आलेल्या एकाला, अल्लाहने दिले आहे ते अंगावर दिसू दे, असेही त्यांनी सांगितले. ईदच्या सकाळी आंघोळ करून, असतील त्यातले उत्तम कपडे घालून, अत्तर लावून नमाजला जाणे ही तर सुन्नत आहे, म्हणजे प्रेषितांची रीत.

मग गर्व म्हणजे काय? ज्याच्या मनात कणभरही गर्व आहे तो स्वर्गात जाणार नाही, असे प्रेषितांनी सांगितले तेव्हा एका माणसाने हीच शंका विचारली होती. माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? त्यावर प्रेषितांनी सांगितले की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे.

ही व्याख्या मी आजवर दुसऱ्यांना लावून पाहत होतो. महागडी गाडी घेणारा, मोठा बंगला बांधणारा, लग्नात पैसा उडवणारा. त्या रात्री ती स्वतःला लावून पाहिली. पोट सुटले आहे हे सत्य मी टेपसमोर नाकारले. माप मी दिले नव्हते हे सत्य चार माणसांसमोर नाकारले. आणि ज्याने तीन पिढ्यांना कपडे घातले त्याला तुच्छ लेखले. व्याख्येतले दोन्ही भाग एका कुर्त्यात बसले. कापड साधे सुती होते, मीटरला फार भाव देऊन घेतलेलेही नव्हते. गर्व कापडात नव्हताच.

गर्वाची पहिली कथाही अशीच आहे. आदमपुढे झुकायला इब्लीसने नकार दिला, कारण काय, तर मी अग्नीपासून बनलो आणि हा मातीपासून. म्हणजे त्याने पाहिला तो फक्त माल. त्या मातीत काय फुंकले आहे ते त्याला दिसले नाही. माणसाचा रंग, चण, जात, बोलण्याची ढब, अंगावरचा कपडा पाहून जो कुणी मनात ‘मी याच्यापेक्षा बरा’ म्हणतो, तो नकळत तेच जुने वाक्य पुन्हा म्हणत असतो. आणि हे वाक्य धार्मिक माणसाच्या मनातही उमटते. कपाळावर सजद्याचा डाग असो की टिळा, डोक्यावर टोपी असो की हातात माळ, तिच्या जोरावर शेजारच्या माणसाला कमी लेखले की ती खूणच पडदा होते. दान देताना दहा किलोच्या पिशवीसह गरीब बाईचा फोटो काढला जातो. तिने पदराने झाकलेला चेहरा आम्हाला दिसत नाही, आमचा हसरा चेहरा नीट आला की नाही तेवढे आम्ही पाहतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे सांगणाऱ्या प्रेषितांचे आम्ही अनुयायी. उपकार बोलून दाखवणाऱ्या आणि लोकांना दाखवण्यासाठी देणाऱ्या माणसाला कुरआनाने खडकावरच्या पातळ मातीची उपमा दिली आहे. एक जोराची सर आली की सारे वाहून जाते, खाली उघडा खडक.

बाजारातला जाहिर

प्रेषितांच्या काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. जाहिर नावाचे एक वाळवंटात राहणारे गृहस्थ होते. दिसायला देखणे नव्हते. मदीनेला येताना ते प्रेषितांसाठी आपल्या भागातल्या वस्तू भेट आणत आणि परतताना प्रेषित त्यांना लागेल ते सामान बांधून देत. एकदा जाहिर बाजारात आपला माल विकत उभे होते. प्रेषितांनी मागून येऊन त्यांना मिठी मारली. कोण आहे, सोड, असे म्हणत त्यांनी मान वळवली आणि ओळख पटताच आपली पाठ प्रेषितांच्या छातीला आणखी टेकवली. प्रेषित गमतीने बाजारात विचारू लागले, हा गुलाम कोण विकत घेतो? जाहिर म्हणाले की मला विकायला काढलेत तर फार कमी किंमत येईल. तेव्हा प्रेषितांनी उत्तर दिले की अल्लाहपाशी तू स्वस्त नाहीस.

भर बाजारात हे घडले आहे, हे महत्त्वाचे. बाजारात प्रत्येक वस्तूचा भाव रूपावर ठरतो. तिथेच, चार लोकांदेखत, एका कुरूप समजल्या गेलेल्या माणसाला छातीशी धरले गेले. दुसरे एक साथी, हजरत अब्दुल्ला इब्ने मसऊद (रजि.). त्यांच्या काटकुळ्या पायांना लोक हसले, तेव्हा हे पाय न्यायाच्या तराजूत उहुदच्या डोंगरापेक्षा जड भरतील, असे प्रेषितांनी त्यांना सुनावले. अल्लाह तुमची रूपे आणि संपत्ती पाहत नाही, तुमची अंतःकरणे आणि कृती पाहतो, ही शिकवण या प्रसंगांमधून उभी राहते.

महाराष्ट्राच्या मातीला हे नवे नाही. चोखोबांचा उसाचा दृष्टान्त मी शेजारच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनात ऐकत मोठा झालो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीत बसवले. बाहेरचे सोंग आणि आतला माणूस यांतला फरक आपल्या दोन्ही अंगणांत पूर्वीपासून सांगितला जातो. ऐकतो किती, हा वेगळा प्रश्न.

शिवणीच्या आतले कापड

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चाचांच्या दुकानापाशी गेलो तेव्हा आत गर्दी होती. मी समोरच्या पानपट्टीपाशी थांबलो. गर्दी ओसरली की जाऊ, निवांत बोलू, असा विचार होता. पाच-दहा मिनिटे गेली आणि माझे मलाच हसू आले. ओरडलो तेव्हा गर्दी चालली, माफी मागताना मात्र एकांत हवा! रस्ता ओलांडून आत गेलो आणि दारातूनच म्हणालो, ‘चाचा, चूक माझी होती. तुम्ही माप घेतो म्हणालात, मीच नको म्हणालो. काल उगाच बोललो. माफ करा.’

चाचांनी पाय थांबवला नाही. शिलाई संपवली, दोरा तोडला आणि मग म्हणाले, ‘आता घेऊ का माप?’

दुकानात हशा पिकला. मीही हसलो आणि हात पसरून उभा राहिलो. एरवी चाचा माप घेताना आकडे मोठ्याने सांगतात आणि त्यांचा कारागीर वहीत लिहून घेतो. त्या दिवशी त्यांनी पोटाचा आकडा उच्चारला नाही. वही स्वतःकडे ओढली आणि गुपचूप लिहिला.

मग फळीवरून माझा कुर्ता काढला. तो दुरुस्त होऊन तयार होता. मी विचारले, ‘कापड तर उरलं नव्हतं, सैल कसा केला?’ त्यांनी कुर्ता उलटा करून बाजूची शिवण दाखवली. बेतताना त्यांनी माप वहीतले घेतले होते, पण दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दोन-दोन बोटे कापड जास्त सोडले होते. मी माप नाकारले त्याच दिवशी. हा पुन्हा येणार, ओरडणार आणि कुर्ता उसवावा लागणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते. माझ्या खोटेपणाला जागा ठेवून त्यांनी शिवले होते.

कपड्याचे पहिले काम झाकण्याचे. कुरआनात पोशाखाचा उल्लेख येतो तो असाच: लाज झाकण्यासाठी आणि शोभेसाठी वस्त्रे दिली, पण सर्वांत उत्तम वस्त्र तक्व्याचे. तक्वा म्हणजे ईश्वराची जाणीव ठेवून जगणे. हे वस्त्र कसे दिसते असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. चाचांनी दोन दिवसांत दोनदा माझी लाज झाकली, एकदा गप्प राहून आणि एकदा आकडा गिळून. ते वस्त्र मी तेव्हा पाहिले. आमच्याकडचे शिंपी आपला हुन्नर हजरत इदरीस यांच्याकडून आला असे मानतात. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, पादत्राणे दुरुस्त करत, हेही चाचा अभिमानाने सांगतात. मी चिडवत त्यांना म्हणालो, ‘अभिमान नको चाचा.’ तर म्हणाले, ‘अरे, आमच्या धंद्याला कसला अभिमान? हजला जाणारा पुरुष न शिवलेल्या दोन चादरी नेसतो आणि शेवटच्या प्रवासाला निघालेल्यालाही कफनच. दोन्ही वेळा शिंप्याचं कामच नाही.’

आरशात पाहताना करायची एक छोटी दुआ आमच्या घरांत मुलांना शिकवतात. हे अल्लाह, तू माझे रूप चांगले घडवलेस, तसा माझा स्वभावही चांगला कर, असा तिचा आशय. त्यात अरबीचे दोन शब्द येतात. खल्क म्हणजे घडण, रूप. खुल्क म्हणजे शील, स्वभाव. आपण बोलताना वापरतो तो ‘अखलाक’ हा शब्द त्याचेच अनेकवचन. अरबी लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, फक्त वरचे स्वरचिन्ह वेगळे. देवनागरीत लिहिले तर एका उकाराचा फरक. ईदच्या सकाळी तो सैल केलेला कुर्ता घालून मी आरशासमोर उभा राहिलो, सवयीने दुआ ओठांवर आली आणि त्या उकारापाशी जीभ थांबली. इतकी वर्षे मी पहिल्या शब्दापाशी आरसा पाहत होतो आणि दुसरा शब्द घाईत उरकत होतो.

यंदा कुर्त्याचे कापड नेले तेव्हा आधी हात पसरून उभा राहिलो. हा लेख लिहितो आहे हे चाचांना सांगितले, तेव्हा त्यांनी नाव छापायला साफ मनाई केली. पण लिहिणे मला भाग होते. त्या दिवशी मी ओरडलो तेव्हा दुकानात चार माणसे होती. माफी मागितली तेव्हा त्यांतले दोघेच होते. उरलेले दोघे मला पुन्हा भेटले नाहीत. एक जण लग्नाचा कोट न्यायला आले होते, दुसऱ्या एक ताई होत्या, हातात शाळेच्या गणवेशाचे कापड होते. त्यांच्या मनात कदाचित अजूनही असेल की त्या म्हाताऱ्या मास्तरांचे माप चुकते. त्यांच्या हाती आजचा अंक पडला तर त्यांना एवढेच सांगायचे आहे: माप चुकले नव्हते. गणवेश निर्धास्तपणे तिथेच टाका.

रमजानचे थोडेच दिवस उरले आहेत. ईदचा चाँद दिसेपर्यंत आपल्या सगळ्यांचे कपडे शिवून होतील. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याला या. आणि वाटेत शिंप्याचे दुकान लागले तर आत डोकावून त्यांनाही ईद मुबारक म्हणा. गावाला नटवण्यात त्यांचा अख्खा महिना गेलेला असतो, त्यांच्या स्वतःच्या नातवंडांचे कपडे मात्र चाँदरातीला सगळ्यांत शेवटी यंत्रावर चढतात.